हुप्पातून उठलेल्या वधूचं काय? : इस्राएलमधल्या आपल्या प्रार्थनालयांच्या मुकादमांना, गब्बायांना (कारभाऱ्यांना) आणि हझानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) खुलं पत्र

सप्रेम शालोम.

मी अलिबागच्या इस्राएल आळीत, आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) समाजात वाढले. 1971 साली आईवडिलांबरोबर इथे आले आणि तेव्हापासून अश्दोदमध्येच आहे. तुमच्यातले बरेच जण मला ओळखता. तुमच्या घरच्या मलिदाला मी पोहे धुतलेत, खोबरं खवलंय. तेव्हा हे पत्र बाहेरच्या कुणी लिहिलंय असं समजू नका. मराठीत लिहिते आहे, कारण मनातलं मला अजून मराठीतच नीट सांगता येतं. तुमच्या सुना-नातवंडांना वाचून दाखवायचं असेल तर हिब्रूत सांगा, पण सांगा.

गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा धाकटा जावई मिलुइमवरून (राखीव सैनिकाच्या सेवेवरून) दोन दिवसांच्या रजेवर आला. 7 ऑक्टोबर 2023 ला, सिम्हाथ तोराच्या सणाच्या सकाळी, त्याला त्साव शमोनेचा (लष्कराचा तातडीचा) बोलावा आला होता. शब्बाथ (शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस) असून त्याने गाडी काढली, आणि ती काढायलाच हवी होती. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ थांबतो हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तेव्हा घरात तीन महिन्यांची तान्ही होती, तीन वर्षांचा मुलगा होता आणि सहा वर्षांची मोठी.

तो गुरुवारी रात्री अकराला घरी आला. लेकीने त्याचे कपडे मशीनमध्ये टाकले. दोनदा धुतले तरी ड्रमच्या तळाला वाळू राहिली. शुक्रवारी सकाळी तो तुकडीतल्या एका मुलाच्या घरी शिवाला (सात दिवसांच्या दुखवट्याला) गेला. जायलाच हवं होतं. दुपारी मी त्याला माझ्या आजारी नणंदेकडे घेऊन गेले, तिला त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. संध्याकाळी प्रार्थनालयात सगळ्यांनी गळामिठी घातली. शब्बाथच्या सकाळी सेफेरपुढे (तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीपुढे) बोलावलं, त्याने गोमेलची बराखा (संकटातून वाचल्याबद्दल आभाराची प्रार्थना) म्हटली, मग किद्दूशच्या (प्रार्थनेनंतरच्या खाण्याच्या) वेळी "दोन शब्द बोल" असा आग्रह झाला. दोन शब्दांचा पाऊण तास झाला. लोक प्रश्न विचारत होते, म्हातारे आपापली लढाई सांगत होते. दुपारी शेजारचे आले. संध्याकाळी शब्बाथ संपवणाऱ्या हावदालाची मेणबत्ती विझली आणि खाली मित्रांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

तेव्हा एक बूट सापडेना. सगळं घर शोधलं. पलंगाखाली, मामादमध्ये (घरातल्या सुरक्षित खोलीत), जिन्यात. शेवटी लेकीने तांदळाचं पिंप उघडलं. तीन वर्षांच्या पोराने बापाचा बूट तांदळात पुरून ठेवला होता. जावई काही बोलला नाही. बूट उलटा करून त्याने तांदूळ झटकले, पोराला एकदा उचललं आणि तो गेला.

त्या रात्री मी हिशोब केला. दोन दिवसांत जागेपणी तो मुलांबरोबर जेमतेम तीन तास होता. माझ्या लेकीबरोबर एकटा किती वेळ होता ते मी तिला विचारलं नाही. बाकीची रजा आपण खाल्ली. तुम्ही, मी, नातेवाईक, शेजारी. सगळ्यांनी प्रेमानेच खाल्ली, त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण लष्कराने ती रजा घरासाठी दिली होती, आणि तोराने तर त्याच्याही कितीतरी आधी दिली होती.

हेच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

या काळात तुमच्या व्यासपीठावरून एक मिश्ना (आपल्या जुन्या मौखिक कायद्यातलं वचन) मी इतक्या वेळा ऐकली की आता झोपेतही म्हणेन. सोता नावाचा ग्रंथ, आठवा अध्याय: कर्तव्याच्या युद्धात सगळे निघतात, वर आपल्या खोलीतून आणि वधू आपल्या हुप्पातून (लग्नमंडपातून). फार जोरदार वाक्य आहे आणि खरं आहे. आपल्यावर कुणी चालून आलं, लोकांना घरातून उचलून नेलं, तर लग्नमंडपातूनही उठावं लागतं. 7 ऑक्टोबरला बाराशेच्या आसपास माणसं मारली गेली आणि 251 जणांना ओलीस नेलं, त्या सकाळी माझ्या मनात दुसरा विचार आला नव्हता. तीन लाखांहून जास्त राखीव सैनिकांना बोलावणं गेलं आणि कित्येक जण बोलावण्याची वाट न बघता निघाले. हे सगळं मान्य करूनच पुढचं लिहिते.

पण ते त्या अध्यायात अगदी शेवटी येतं. त्याच्या आधीचा अख्खा अध्याय कशाबद्दल आहे? घरी कुणी परत जायचं याबद्दल. दवारीमच्या (तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या) विसाव्या अध्यायात सैन्य उभं राहिलं की अधिकारी आधी विचारतात: नवं घर बांधून त्यात अजून राहायला न गेलेला कुणी आहे का? द्राक्षमळा लावून त्याचं फळ न चाखलेला कुणी आहे का? वाङ्‌निश्चय झाला पण बायकोला घरी आणलं नाही असा कुणी आहे का? त्याने घरी जावं. शत्रू समोर उभा, आणि तोरा विचारते आहे की तुझं घर अर्धवट तर राहिलं नाही ना. चौथा प्रश्न भित्र्या माणसाचा. त्यावर रब्बी योसे हागलीली म्हणतात की आपल्या पापांची भीती असलेल्या माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लागू नये, म्हणूनच तोराने घराची, मळ्याची आणि बायकोची कारणं त्याच्या जोडीला ठेवली; तो परत फिरला तर बघणाऱ्याला वाटेल, घर बांधलं असेल बिचाऱ्याने. घाबरलेल्या माणसाची अब्रू झाकायला घराची ढाल. इतक्या हळुवार मनाने लिहिलेला युद्धाचा कायदा मला दुसरीकडे वाचायला मिळालेला नाही.

याच अध्यायातल्या एका गोष्टीवर मला तुम्हाला जरा थांबवायचं आहे. या कारणांनी परत पाठवलेले लोक घरी जाऊन स्वस्थ बसत नाहीत. मिश्ना म्हणते, ते सैन्याला पाणी आणि अन्न पुरवतात आणि रस्ते दुरुस्त करतात. म्हणजे आघाडीवर नसलेल्यालाही काम आहे. पूर्ण मोकळ्यांत कोण येतो? ज्याने नुकतंच लग्न करून बायकोला घरी आणलंय तो. त्याला पाणी नाही, अन्न नाही, रस्ता नाही. एक वर्ष तो घराचा. दवारीमच्या चोविसाव्या अध्यायात लिहिलंय की त्या वर्षात त्याने आपल्या बायकोला आनंद द्यावा. जुने भाष्यकार राशी इथे मुद्दाम बजावतात की याचा अर्थ "त्याने बायकोबरोबर आनंद करावा" असा लावणारा चुकतो. आनंद तिला द्यायचा आहे. म्हणजे ते वर्ष पुरुषाची सुट्टी नाहीच. ते बायकोचं देणं आहे आणि तो ते फेडायला घरी राहतो.

1973 साली मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. दरफाळणीच्या सणाला (योम किप्पूरच्या उपासाला) दुपारी सायरन वाजले. माझे यजमान उपाशीपोटी, पांढऱ्या कपड्यांतच प्रार्थनालयातून गेले. ते कर्तव्याचंच युद्ध होतं, मला आजही त्याबद्दल शंका नाही. पण ते गेल्यावर पुढचे चार महिने मी एकटी दोन खोल्यांत काय करत होते हे कुणी विचारायला आलं नाही. हिब्रू धड येत नव्हतं. रेडिओवर नावं वाचायचे, आणि ती मला अर्धीच कळायची. एक शेजारीण, ती मोरोक्कोची होती, रोज संध्याकाळी येऊन माझ्यापाशी बसायची. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. ती भाजी निवडायची, मी निवडायचे. तिच्याएवढा आधार मला त्या चार महिन्यांत दुसऱ्या कुणाचा मिळाला नाही.

दरफाळणीच्या सणाचा विषय निघालाच आहे तर तालमूदमधल्या (मिश्नावरच्या जुन्या चर्चाग्रंथातल्या) केथुबोथ भागातली रव्ह रहूमींची गोष्ट सांगते. मला वाटतं ती तुम्ही दर वर्षी सांगायला हवी आणि कधीच सांगत नाही. रव्ह रहूमी महोझा गावी रावा या गुरूंच्या पाठशाळेत शिकत. वर्षातून एकदा, दरफाळणीच्या आदल्या दिवशी, घरी येत. एका वर्षी अभ्यासात असे रमले की निघायचं विसरले. बायको वाट बघत होती. आता येतील, आता येतील. आले नाहीत. तिच्या डोळ्यांतून एक आसू पडलं. त्याच क्षणी ते ज्या छपरावर बसले होते ते खचलं आणि ते गेले. ते मौज मारत नव्हते, तोरा शिकत होते, याहून पवित्र काम आपल्याकडे नाही. तरी तालमूदने ते आसू मोजलं.

आणि मोजायचं मापही दिलं आहे. नवऱ्याने बायकोला अन्न, वस्त्र आणि सहवास द्यावा हे तोरातच आहे. मिश्नाने त्यावर धंद्यानुसार मुदती घातल्या: गाढववाल्याने आठवड्यातून एकदा घरी यावं, उंटवाल्याने महिन्यातून, खलाशाने सहा महिन्यांतून. विद्यार्थ्याला बायकोच्या परवानगीशिवाय फार तर तीस दिवस बाहेर राहता येतं, मजुराला एक आठवडा. उंटवाल्याच्या बायकोचाही विचार केला होता या लोकांनी! माझ्या लेकीच्या फ्रिजवर कॅलेंडर आहे. मिलुइमच्या दिवसांवर ती निळी फुली मारते. पहिल्या दीड वर्षात 268 फुल्या झाल्या. मुदतीचे हे आकडे युद्धाला लागू होत नाहीत, मला माहीत आहे. पण कर्तव्याने हक्क थांबतो, मरत नाही. तो थांबलाय याची कुणीतरी नोंद ठेवायला हवी. आपल्याकडे ती फक्त फ्रिजवर आहे.

मागच्या वर्षी एका प्रवचनात (कुठल्या प्रार्थनालयात ते इथे लिहीत नाही) आपल्या मुलांची तुलना उरीयाशी केली गेली. दावीद राजाने सांगूनही त्याचा सैनिक उरीया घरी गेला नाही. आर्क (कराराची पवित्र पेटी) आणि सगळे सैनिक उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ आणि बायकोपाशी निजू काय, असं म्हणून तो राजाच्या दारात झोपला. काय ती निष्ठा, असं सांगितलं गेलं. मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि माझे हात थंड पडले. अहो, ती गोष्ट सुरू कशी होते? राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद यरुशलेममध्ये राहिला. घरी बसलेल्याने आघाडीवरच्याचं घर मोडलं आणि मग त्याला मरायला पाठवलं, अशी ती गोष्ट आहे. ती सांगून आमच्या पोरांनी घराकडे पाठ फिरवावी असं शिकवू नका.

त्याच दावीदच्या युद्धांबद्दल तालमूदमध्ये आणखी एक ओळ आहे: त्याच्या लढाईला जाणारा प्रत्येक जण निघताना बायकोला घटस्फोटाचा लेख लिहून देई. ऐकायला भयंकर वाटतं. पण कारण काय? तो बेपत्ता झाला तर ती अगूना (पुन्हा लग्न करू न शकणारी बायको) होऊन जन्मभर अडकू नये. योम किप्पूरच्या युद्धानंतर रब्बी ओवाद्या योसेफ यांच्यापुढे अशा शेकडो बायकांची प्रकरणं आली आणि त्यांनी एकेक पुरावा तपासून त्यांना मोकळं केलं. हे ज्ञान आपल्याकडे आहे. निघणाऱ्या पुरुषाकडे बघताना दारात उभ्या बाईकडेही बघायचं, ही आपल्या शास्त्राची जुनी सवय आहे.

आपण बेने इस्राएल तर पलटणीतली माणसं. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि 1796 साली मुंबईत आपली पहिली मशीद (प्रार्थनालयाला आपल्याकडे तसंच म्हणत) बांधली; आख्यायिका अशी की टिपूच्या आईने "बेने इस्राएल" हे नाव ऐकून त्यांना वाचवलं. मशीद बंदर म्हणताना आजही छाती फुगते. पण ते कैदेत असताना त्यांच्या घरी चूल कशी पेटली, हे लहानपणी मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

तोरा शिकतो म्हणून जे लष्करात मुळीच जात नाहीत त्यांच्याबद्दल लिहा, असं माझी मोठी बहीण म्हणाली. तो वाद मोठा आहे. 1948 मध्ये तोरा शिकणाऱ्या चारशे विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून दिलेली सूट वाढत कुठे गेली ते सगळ्यांना दिसतंय, आणि 25 जून 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की तिला कायद्याचा आधार नाही. मोशे रब्बेनूंनी गाद आणि रऊबेनच्या वंशजांना विचारलं होतं, "तुमचे भाऊ युद्धाला जातील आणि तुम्ही इथे बसाल काय?" त्यात मला भर घालायची नाही. मात्र त्याच प्रकरणातली एक बारीक गोष्ट आपल्यासाठी आहे. ते लोक म्हणाले होते, आम्ही आमच्या गुरांसाठी कोंडवाडे बांधतो आणि मुलांसाठी शहरं. मोशेने होकार देताना क्रम उलटा केला: आधी मुलांसाठी शहरं, मग मेंढरांसाठी कोंडवाडे. लढायला जायच्या आधी मुलांची सोय, आणि तीही पहिली. राशींनी हे टिपून ठेवलंय.

आता माझं मागणं. ते सरकारकडे नाही, लष्कराकडे नाही, तुमच्याकडे आहे, कारण हे तुमच्या हातात आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

रजेवर आलेल्या माणसाला पहिल्या शब्बाथला बोलावू नका. गोमेल म्हणायला दहा माणसं लागतात ना? मग संध्याकाळी दहा जण त्याच्या घरी जा, त्याने बराखा म्हणावी, तुम्ही आमेन म्हणा आणि दहा मिनिटांत उठा. चहाला थांबू नका. भाषण, सत्कार, शाल, फोटो हे सगळं युद्ध संपल्यावर होऊ दे.

आणि पाणी, अन्न, रस्ते. मिश्नाने आघाडीवर नसलेल्यांना नेमून दिलेलं हे काम आज आपलं आहे. साठीच्या पुढचे पुरुष, ज्यांना आता कुणी बोलावत नाही, ते आपल्या प्रार्थनालयात मला दर सकाळी दिसतात. माझ्या लेकीच्या बाथरूमचा नळ पाच आठवडे गळत होता. त्याच पाच आठवड्यांत आपल्याकडे तीनदा सैनिकांच्या सुरक्षेसाठी तेहिलीम (स्तोत्रं) वाचले गेले, आणि तेहिलीमनंतर किद्दूशला नळ दुरुस्त करता येणारे किमान चार जण बसले होते. तेहिलीम वाचाच. पण घरांची यादी करा: कुणाचा नवरा गेलाय, कुणाची मुलगी गेलीय (आता मुलीही जातात, त्यांचे नवरे बाळं सांभाळतात, त्यांनाही यादीत घ्या), कुणाच्या घरात तान्हं आहे. बुधवारी कुणी डबा द्यायचा, शाळेतून मुलांना कुणी आणायचं, सायरन वाजला तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीबरोबर मामादमध्ये कोण बसायचं. 2025 च्या जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं येत होती तेव्हा माझी लेक तीन मुलांना घेऊन रात्रीत चार-चार वेळा उठत होती. मी माझ्या घरी होते. दुखऱ्या गुडघ्यांनी वेळेत पोचता येत नाही म्हणून फोनवर तिच्याशी बोलत राहायचे. तिच्याच मजल्यावर आपल्या समाजातलं एक जोडपं राहतं. त्यांनी मदत करायला नकार दिला नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम मुकादमाचं आहे.

व्यासपीठावरून ती मिश्ना म्हणाल तेव्हा अख्खा अध्याय म्हणा. वधूही हुप्पातून निघते म्हणजे ती काय करते, असा प्रश्न जुन्या भाष्यकारांनाही पडला होता. राडबाझ सुचवतात की ती पाणी-अन्न पुरवत असेल. आज ती नोकरी करते, तीन मुलं सांभाळते, बँकेचे हप्ते भरते, रात्री मेसेजवरच्या दोन निळ्या खुणांची वाट बघते, आणि शब्बाथला प्रार्थनालयात आली तर मुलं रडतात म्हणून लोक वळून बघतात. ती हुप्पातून केव्हाच उठली आहे. मिशेबेराखच्या प्रार्थनेत सैनिकांची नावं घेता, तिथे "आणि त्यांची घरं" एवढं जोडा. त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये.

एक अवघड गोष्टही विचारते. कर्तव्याचं युद्ध आणि राजाच्या मर्जीचं युद्ध, असा फरक आपल्या ऋषींनी केला तो याचसाठी, की एकात वर उठतो आणि दुसऱ्यात तो घरी राहतो. माझ्या लेकीने मला विचारलं, "आई, सहाव्या वेळेचं बोलावणं पण पहिल्यासारखंच का?" मला उत्तर देता आलं नाही. मी शिकलेली नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या वर रब्बी आहेत. तिला उत्तर द्या. हो असेल तर हो म्हणा, ती ऐकेल. आजवर तिने त्याला एकदाही अडवलेलं नाही. पण प्रश्न विचारला म्हणून तिची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणू नका. हा प्रश्न मिश्नाने स्वतःच विचारून ठेवला आहे.

आपल्या लोकांना बोलायची सवय नाही असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. 1964 च्या उन्हाळ्यात, आपल्या लग्नांवर रब्बीमंडळाने घेतलेली शंका मागे घ्या म्हणून आपलेच लोक यरुशलेममध्ये धरणं धरून बसले होते आणि त्यांनी ऐकायला लावलं. ते भांडण लग्नाचं, घराचंच होतं. तेव्हा घरासाठी समाज बसला होता.

येत्या गुरुवारी रात्री जावई पुन्हा येतो आहे. चार दिवसांसाठी. गब्बायांचा मला फोन आला होता की या वेळी मलिदा करू, सगळ्यांना बोलावू. मी हो म्हणाले होते, आता नाही म्हणते. एलियाहू हन्नाबीचा (संदेष्टा एलियाच्या नावाचा) मलिदा मी करेन, पण तो परत गेल्यावर, पुढच्या रविवारी, आणि लेकीच्या घरी. नऊ-दहा जणांनीच या. येताना कुणीतरी पान्हा घेऊन या. स्वयंपाकघरातला नळही आता गळायला लागला आहे. गुरुवार ते सोमवार मात्र त्यांच्या दाराची बेल वाजवू नका. मीही जाणार नाही.

तुमची,
अश्दोदची एक आजी